शेवटच्या वर्षात भरलेला फॉर्म

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर कॉलेजमधल्या मुलामुलींसाठी ठेवलेल्या भाषणाचा हा मजकूर. रेकॉर्डिंगवरून उतरवून घेतला असून वक्त्यांनी नंतर किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)

सेक्रेटरी काका, कमिटीतले सगळे सभासद, आजी-आजोबा, काका-काकू, आणि चहाचे कप घेऊन मागच्या मागे सटकायच्या तयारीत असलेल्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

आत्ता माझी ओळख ‘मेजर मॅडम’ म्हणून करून दिली. ऐकायला बरं वाटलं, पण या आवारात ती ओळख काही खरी नव्हे. इथे मी बी विंगमधली ती मुलगी, जिने सायकल शिकताना नोटीस बोर्डाची काच फोडली होती. काचेचे पैसे बाबांनी मेन्टेनन्सबरोबर भरले होते, त्याची पावती अजून आमच्या घरी आहे.

मी सीमेवरच्या गोष्टी सांगणार नाही. मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये होते. म्हणजे रेशन, इंधन, गाड्या, हिवाळ्यात रस्ते बंद व्हायच्या आधी वर पोचवायचा साठा. आमच्या कामावर सिनेमे निघत नाहीत. आज मला बोलायचंय ते त्याच्याही आधीच्या गोष्टीवर: कॉलेजात असताना अधिकारी होण्यासाठी अर्ज कसा करतात. कारण इथे राहायला परत आल्यापासून चार-पाच जणांनी लिफ्टमध्ये मला हेच विचारलंय, आणि लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत उत्तर पुरं होत नाही.

पहिला गोंधळ आधी मिटवते. अग्निवीर वेगळं आणि अधिकारी वेगळं. अग्निपथ योजना २०२२ मध्ये आली, ती जवानांच्या भरतीची, चार वर्षांची. अधिकारी होण्याचे रस्ते पूर्वीपासून निराळे आहेत आणि ते आजही चालू आहेत. बारावीनंतर एनडीए, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती गाडी चुकली की लोक म्हणतात, संपलं. संपलेलं नसतं. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना यूपीएससीची सीडीएस परीक्षा देता येते, वर्षातून दोनदा. हवाई दलाची एएफकॅट, तीही दोनदा. इंजिनीअरिंगवाल्यांना टेक्निकल एंट्री आहे, तिथे लेखी परीक्षा नसते, गुणांवरून बोलावतात. एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट किमान बी ग्रेडने असेल आणि पदवीला पन्नास टक्के असतील, तर सैन्यात एनसीसी स्पेशल एंट्री आहे, तीही लेखीशिवाय.

या एनसीसीवर जरा थांबते, कारण इथे मी स्वतः माती खाल्ली. ‘सी’ सर्टिफिकेटला कॉलेजची तीन वर्षं लागतात. पहिल्या वर्षी नाव घातलं नाही, तर तिसऱ्या वर्षी कितीही हळहळलात तरी उपयोग नाही. मला एफवायला मैत्रिणीने ओढून नेलं होतं. परेड रविवारी सकाळी, हे कळल्यावर मी परत आले. तेव्हा इथे जे कोणी यंदा बारावीला आहेत, त्यांनी जूनमध्ये कॉलेजात गेल्या गेल्या एनसीसीची खोली कुठे आहे ते शोधा. कॅन्टीन नंतर सापडतंच.

तर माझ्यासाठी सीडीएस उरली. मी कॉमर्सची. मला वाटायचं, गणित आलं म्हणजे आपण बाद. मग कळलं की डेहराडूनची आयएमए, एळिमलाची नौदल अकादमी आणि हैदराबादजवळची हवाई दलाची अकादमी यांसाठी इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि गणित असे तीन पेपर असतात. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीला, म्हणजे ओटीएला, गणित नाही. इंग्रजी आणि सामान्य ज्ञान, शंभर-शंभर गुण, दोन-दोन तास. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात, म्हणून ठोकून देऊ नका. मुलांना अर्जाची फी २०० रुपये, मुलींना माफ. मी आईकडून सायबर कॅफेचे तीस रुपये घेतले आणि टीवायच्या पहिल्या टर्ममध्येच फॉर्म भरला. घरी सांगितलं नाही. आईला वाटलं, प्रोजेक्टचं प्रिंटआऊट काढायचंय.

सप्टेंबरची लेखी पास झाले, आणि मग सांगावं लागलं. कारण पुढचा टप्पा एसएसबीचा, म्हणजे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाचा. पाच दिवस, भोपाळला. पाच दिवसांचं प्रोजेक्ट कुठल्या कॉलेजात असतं?

बाबांनी सगळे कागद वाचले. ते बँकेत होते, कागद वाचायची त्यांना सवय. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं: तिथल्या चाचण्यांमध्ये काही दुखापत झाली तर उमेदवार भरपाई मागणार नाही, असं लिहून द्यायचं होतं. ते म्हणाले, “नोकरी लागायच्या आधीच हात वर करणारा मालक मी पहिल्यांदा बघतोय.” नंतर ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आता इथे बसलेत म्हणून सांगते, बाबा, ते आठ नव्हते, अकरा होते. मी मोजले होते.

मी गेले. पहिल्यांदा जाणाऱ्या उमेदवाराला गाडीभाडं मिळतं, त्यामुळे पैशांसाठी कोणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही. टीवायचे पेपर संपले आणि मी झेलम एक्सप्रेसने भोपाळला पोचले.

एसएसबीबद्दल बाहेर इतक्या दंतकथा आहेत की काही विचारू नका. कोणी म्हणतं उंची बघतात, कोणी म्हणतं फाडफाड इंग्रजी, कोणी म्हणतं वशिला. खरं काय असतं ते सांगते. पहिल्या दिवशी चाळणी: बुद्धिमत्तेचे प्रश्न, मग एक धूसर चित्र दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची आणि गटात चर्चा करायची. इथूनच बरेचजण त्याच दिवशी परत जातात. जे उरतात त्यांना छातीवर लावायला नंबर मिळतो. मग मानसशास्त्राच्या चाचण्या. साठ शब्द, एकेक शब्द पंधरा सेकंद समोर, तेवढ्यात मनात येईल ते वाक्य लिहायचं. बारा चित्रांवर बारा गोष्टी, त्यातलं शेवटचं चित्र कोरं. तीस मिनिटांत साठ प्रसंग. विचार करून चांगलं लिहायला वेळच मिळू नये, अशी ती व्यवस्था. मग मैदानावर गटाची कामं: फळ्या, दोर, पिंपं घेऊन अडथळे पार करायचे. आणि एक मुलाखत. मानसशास्त्रज्ञ, मैदानावरचा अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी हे तिघं तुम्हाला वेगवेगळे बघतात आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्समध्ये एकत्र बसतात. तिथे याला ‘मनसा, वाचा, कर्मणा’ म्हणतात. आपल्याकडे आजी-आजोबा जे कीर्तनात ऐकतात तेच. विचार, बोलणं आणि करणं एका माणसाचं आहे ना, एवढंच ते तपासतात.

आणि माझं तिथेच बिनसलं.

मुलाखतीआधी एक माहितीचा फॉर्म भरून घेतात. वडील काय करतात, भावंडं किती, खेळ कोणते, छंद कोणते, कुठे काही जबाबदारी घेतली आहे का. सगळी मुलाखत या कागदावर चालते. माझ्याकडे लिहायला काय होतं? संध्याकाळी आवारात बॅडमिंटन, गणपतीत रांगोळी. मला ते फार घरगुती वाटलं. मी लिहिलं: ट्रेकिंग, आणि कॉलेजच्या बास्केटबॉल टीमची उपकर्णधार. ट्रेकिंग म्हणजे एकदा सिंहगडला जाऊन पिठलं-भाकरी खाल्ली होती. बास्केटबॉलच्या टीमला मी दोनदा पाण्याच्या बाटल्या नेऊन दिल्या होत्या.

समोरच्या अधिकाऱ्यांनी आवाज चढवला नाही, काही नाही. अगदी सहज विचारलं, शेवटची मॅच कोणाशी झाली? किती पॉइंटनी हरलात? हरल्यावर टीममधल्या कोणाला काय म्हणालीस? मी एक खोटं झाकायला दुसरं बोलले, दुसऱ्याला तिसरं. साधारण दहा मिनिटांनी त्यांनी विषय बदलला आणि माझ्या आईच्या स्वयंपाकाबद्दल विचारलं. त्या वेळी मला वाटलं, वाचलो बुवा. आज कळतं, त्यांनी तो कागद मनात मिटून ठेवला होता. पाचव्या दिवशी नंबर वाचले, त्यात माझा नव्हता.

परत आले तेव्हा बाबा स्टेशनवर होते. रिक्षात म्हणाले, “भूक लागली असेल.” एवढंच. ‘बरं झालं’ असं ते म्हणतील अशी मला भीती होती. ते म्हणाले नाहीत, याचं मला फार नंतर अप्रूप वाटलं.

आता कॉलेजात असतानाच अर्ज करा असं मी का म्हणते, ते इथे येतं. पहिल्या लेखीचा निकाल लागल्यावर मी फेब्रुवारीच्या परीक्षेचाही फॉर्म भरून टाकला होता आणि अभ्यास डोक्यात ताजा असतानाच ती देऊन आले होते. म्हणजे भोपाळला नापास झाले तेव्हा दुसरी संधी आधीच माझ्या नावावर जमा होती. पदवी व्हायच्या आत दोन वेळा. नापास झाल्यावर माझी नोकरी गेली नाही, वर्ष गेलं नाही, घरावर कर्ज झालं नाही. पुढे पंचविसाव्या वर्षी, नोकरी सोडून, क्लासला पैसे भरून आलेली मुलं मी पाहिली. नापास झाल्यावर त्यांचे चेहरे वेगळे असतात.

त्या वर्षीचा उन्हाळा जुन्या लोकांना आठवत असेल. पालिकेचं पाणी दिवसाआड, मग दोन दिवसांआड, आणि टँकर. पंप बघणारा माणूस गावी गेला तो आलाच नाही. सेक्रेटरी काकांनी मला गच्चीत मोकळी बसलेली पाहिलं आणि वही हातात दिली. टँकर दहा हजार लिटरचा, फ्लॅट अठ्ठेचाळीस, खालची टाकी एक, वरच्या दोन. टँकर सकाळी सहाला यायचा. मी बी विंगची, म्हणून उठून पहिला वॉल्व्ह आमचा उघडायचे. त्यात मला काही वावगं वाटलं नाही, कुठून तरी सुरुवात करायचीच ना! आमची टाकी भरेपर्यंत खालचं पाणी तळाला जायचं. चौथ्या दिवशी ए विंगच्या जिन्यात मला एक आजी भेटल्या. एका हातात अर्धी बादली, दुसऱ्या हाताने कठडा धरलेला, चौथ्या मजल्यावर निघालेल्या. मला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “तुमच्याकडे येतं ना गं पाणी?”

त्या दिवशी मी वही नव्याने आखली. एक दिवस ए आधी, एक दिवस बी. वॉल्व्ह किती मिनिटं उघडा, ते घड्याळ लावून. वरच्या मजल्यांवर एकट्या राहणाऱ्यांची यादी, आणि क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना दोन-दोन घरं वाटून दिली. त्यातली दोन पोरं आज कमिटीत आहेत, ती बघा हसतायत. बी विंगमधल्या एका काकांनी माझ्याशी महिनाभर बोलणं टाकलं. घरच्याच मुलीने घरचं पाणी तोडलं म्हणाले. वेळापत्रक रोज त्याच नोटीस बोर्डावर लागायचं, ज्याची काच मी फोडली होती. जुलैच्या मध्यावर पाऊस आला आणि वही बंद झाली.

ऑक्टोबरमध्ये दुसरं बोलावणं आलं, अलाहाबादचं. त्याच प्रकारच्या प्रवेशासाठी दुसऱ्यांदा गेलात तर गाडीभाडं मिळत नाही. मी शिकवणीचे पैसे मोजत बसले होते. बाबा संध्याकाळी बँकेतून आले आणि टेबलावर आरक्षणाचं तिकीट ठेवलं, जाता-येताचं. मग हात-पाय धुवायला गेले.

या खेपेला फॉर्मवर मी बॅडमिंटन लिहिलं, रांगोळी लिहिली, आणि जबाबदारीच्या रकान्यात सोसायटीचं पाणीवाटप, सुमारे अडीच महिने. मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्यावर बराच वेळ काढला. टँकर किती लिटरचा, फ्लॅट किती, माणशी किती पडलं, वॉल्व्ह किती मिनिटं. मला सगळं पाठ होतं, दुसरं काय. मग त्यांनी विचारलं, ए विंगमधल्या लोकांना विचारलं तर ते तुझ्याबद्दल काय सांगतील? मी म्हटलं, पहिले चार दिवस मी पक्षपात केला असं सांगतील, आणि ते खरं आहे. माझं इंग्रजी तेव्हाही यथातथाच होतं. वाक्यं तुटत होती, एकदा ‘वॉल्व्ह’ हाताने फिरवून दाखवावा लागला. मराठी माध्यमातल्या मुलांनी एवढं लक्षात ठेवावं: समोरच्याला कळेल असं सांगता येणं पुरतं.

नंबर वाचला. मेडिकल झालं. त्यानंतर गुणवत्ता यादीची वाट. ती वाट सगळ्यात वाईट, कारण एसएसबी पास होऊनही यादीत नाव नसू शकतं. जागा मोजक्या असतात. अलीकडच्या जाहिरातींत ओटीएला मुलांच्या सुमारे पावणेतीनशे आणि मुलींच्या अठरा-एकोणीस जागा आहेत. पुढच्या एप्रिलमध्ये मी चेन्नईला गेले. सेक्रेटरी काकांनी नोटीस बोर्डावर खडूने माझं नाव लिहिलं होतं. पाणी तोडलं म्हणणाऱ्या काकांनी खाली येऊन पेढा घेतला, पण बोलले नाहीत. ते पुढच्या दिवाळीला बोलले.

आता पालकांसाठी थोडं. माझ्या बाबांचे प्रश्न चुकीचे नव्हते, तुमचेही नाहीत. मुलगी असेल तर लग्नाचं काय, हा पहिला प्रश्न. मुलगा असो की मुलगी, अर्ज करताना अविवाहित असावं लागतं आणि प्रशिक्षणात लग्न करता येत नाही. म्हणजे एखाद-दोन वर्षं तो विषय सरकारी नियमानेच बंद. आमच्या घरी याचा फार फायदा झाला. पैशांचं म्हणाल, तर प्रशिक्षणात आज दरमहा ५६,१०० रुपये स्टायपेंड आहे, वर खर्च नाही. शॉर्ट सर्व्हिस म्हणजे दहा वर्षं, हवी तर आणखी चार. मुलींना पुढे काय, हा प्रश्न मात्र माझ्या वेळी खराच होता. सैन्यात स्त्रियांना कायमस्वरूपी कमिशन दोनच शाखांत मिळत असे. २०२० च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि ती वाट इतर शाखांतही उघडली. मी दहा वर्षांनी बाहेर पडले ते माझ्या मर्जीने. आणि एनडीएतून २०२५ च्या मे महिन्यात सतरा मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली आहे, हेही आजींनी नातींना सांगावं.

जिवाच्या धोक्याबद्दल मला विचारू नका की काही नसतं म्हणून. असतो. बाबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं होतं ते बरोबरच होतं. फक्त त्यांनी बोट ठेवलं आणि निर्णय माझ्यावर सोडला, अकरा दिवसांनी का होईना.

क्लासबद्दल. लेखीसाठी लावायचा तर लावा, जुन्या प्रश्नपत्रिका यूपीएससीच्या वेबसाइटवर फुकट आहेत. एसएसबीसाठी पाठ केलेल्या गोष्टी तिथे लगेच ओळखू येतात, त्याला पैसे घालू नका. आणि आपल्या राज्य सरकारचं नाशिक रोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे राहणं, जेवण, प्रशिक्षण सगळं विनामूल्य. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत करायचा. ते कार्यालय कुठे आहे, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? हात वर करा. बघा.

तब्येतीचं आधी बघून घ्या. डोळे, रंग ओळखणं, कान, दात, तळपाय. सैन्यात चष्मा ठरावीक नंबरपर्यंत चालतो, वैमानिक व्हायचं तर नियम फार कडक. मेडिकलला काही निघालं तर पुन्हा तपासणी मागता येते, लगेच रडत घरी येऊ नका. आणि गोंदवून घ्यायची हौस असेल तर थांबा. हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि पंजाच्या मागे एवढंच चालतं. हे ऐकून एकाने बाही खाली केली, मी नाव घेत नाही.

सीडीएसची जाहिरात साधारण डिसेंबरात आणि मेच्या शेवटी येते, परीक्षा एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. म्हणजे यंदा शेवटच्या वर्षाला जाणाऱ्यांनी मेच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. फॉर्म भरताना अडलं तर संध्याकाळी सातनंतर आमच्याकडे या, बी विंग, तिसरा मजला. दोन कोरे कागद घेऊन या. एकावर तुम्ही आजवर खरोखर काय काय केलंय ते लिहायला लावणार आहे. दुसरा कागद पहिला फाडल्यावर लागेल.